गट नंबर अर्धा: वर्डमधलं ‘आपोआप’ ताब्यात कसं घ्यायचं

गेल्या पावसाळ्यात कागलकडचे एक काका दुकानात आले, वारसनोंदीचा अर्ज काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, “अवो, माझा गट नंबर अर्धा हाय व्हय?”

अर्जावर छापलं होतं ‘गट नं. ½’. हवं होतं ‘गट नं. 1/2’. टाइप मीच केलेला. मराठी मजकूर मराठी कीबोर्डवर मारला, आकड्यांसाठी कीबोर्ड इंग्रजीवर नेला, एक, तिरकी रेघ, दोन, स्पेस. पुढचा शब्द मारेपर्यंत वर्डने परस्पर त्याचा अपूर्णांक करून टाकला. प्रूफ वाचताना तो खटकलाच नाही, कारण डोळ्याला दोन्ही सारखंच दिसतं. कार्यालयातल्या बाईंनी अर्ज परत केला, आणि त्यांचं काही चुकलं नाही. गंमत म्हणजे त्याच अर्जात चार ठिकाणी ‘7/12’ होता, तो मात्र सहीसलामत. वर्ड मुळात फक्त 1/2, 1/4 आणि 3/4 यांचाच असा अपूर्णांक करतं. सातबारा सुटला, हिस्सा सापडला.

आमच्याकडे डीटीपी आणि टायपिंगची बहुतेक मंडळी टाइपरायटरवर हात बसवून कॉम्प्युटरवर आली. टाइपरायटर मारलेलं तेवढंच उमटवतो. वर्ड तसं नाही. तुम्ही कळ दाबली की ते तिचा अर्थ लावत बसतं: ओळीच्या सुरुवातीला आकडा आणि टिंब दिसलं की ‘यादी चालू झाली’, तीन आडव्या रेघा दिसल्या की ‘यांना पानभर रेघ हवी’. कधी अंदाज बरोबर येतो, कधी गट नंबर अर्धा होतो.

वर्डमधलं ‘आपोआप’ दोन जातींचं आहे. एक, न विचारता अंदाज बांधणारं. दुसरं, आपण एकदा सांगितलं की पानामागून पान ते पाळणारं: स्टाइल (फॉण्ट, साइज, अंतर यांचा नाव दिलेला संच), क्रमांक, अनुक्रमणिका. लोक पहिलं चालू ठेवतात, त्याच्याशी भांडतात आणि दुसऱ्याला हातच लावत नाहीत. आपल्याला उलटं करायचंय.

आधी एक कळ: कंट्रोल + झेड

सेटिंग बदलण्याआधी हे बोटांत बसवा. वर्डने काही परस्पर बदललं की त्याच क्षणी कंट्रोल + झेड. याने तुमचं टायपिंग पुसलं जात नाही, फक्त वर्डने केलेली करामत मागे जाते. ½ चं परत 1/2 होतं, निळी झालेली ईमेलची ओळ काळी होते, नको असलेली यादी मोडते. अट एकच, मध्ये दुसरं काही टाइप केलेलं नसावं. वेळ गेली असेल तर बदललेल्या शब्दावर माउस नेऊन थांबा. बऱ्याचदा एक छोटी निळी पट्टी दिसते, तिच्यावर विजेच्या खुणेचं बटण येतं आणि त्यातून तो बदल मागे घेता येतो, किंवा तो प्रकार कायमचाही बंद करता येतो.

परगावच्या कॉम्प्युटरवर बसला असाल, सेटिंग तुमचं नसेल, तर एवढ्यावर काम निभावतं.

बटणांचा बोर्ड

२०१० पासूनच्या कुठल्याही वर्डमध्ये रस्ता हा: फाइल → ऑप्शन्स → प्रूफिंग → ऑटोकरेक्ट ऑप्शन्स. खिडकी उघडते, तिला वर चार-पाच कप्पे असतात. आपल्या कामाचे दोन: ‘ऑटोकरेक्ट’ आणि ‘ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप’. शेजारी नुसतं ‘ऑटोफॉरमॅट’ नावाचाही एक कप्पा आहे. नावं इतकी जवळची की लोक तिथल्या टिका (चौकटीतल्या ✓ खुणा) काढून येतात आणि मग म्हणतात काहीच फरक पडला नाही. तो कप्पा टायपिंग चालू असतानाचा नाही; आधीच टाइप झालेल्या फाइलवर एकदम ऑटोफॉरमॅट चालवताना त्यातलं सेटिंग लागू होतं.

आता ‘ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप’ उघडा. माझ्या दुकानातल्या मशीनवर काय चालू आणि काय बंद, ते कारणासकट सांगतो.

अपूर्णांक (फ्रॅक्शन्स): बंद. जमिनीचे, घरपट्टीचे, वाटणीपत्राचे कागद करणाऱ्याने ही टीक ठेवूच नये. पाककृतीत ‘½ वाटी’ लिहायचं असेल तर ते चिन्ह इन्सर्ट → सिम्बॉलमधून घालता येतं.

सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हं (स्मार्ट कोट्स): चालू. मराठी मजकुरात वळणदार चिन्हंच शोभतात. फक्त प्लॉटची फुटा-इंचातली मापं लिहिताना ती आड येतात. तिथे कंट्रोल + झेड.

दोन आडव्या रेघांचा डॅश: चालू ठेवला तरी बिघडत नाही. ०२३१ नंतर जोडरेघ देऊन फोन नंबर लिहिला तर त्याला ते हात लावत नाही. मात्र जोडरेघेच्या दोन्ही बाजूंना स्पेस दिली की ती लांब होते. एका पानावर आखूड आणि लांब रेघा मिसळल्या की छपाई गबाळी दिसते, तेव्हा एकच पद्धत धरा.

क्रमवाचक आकडे (ऑर्डिनल्स): बंद. राजारामपुरीतल्या गल्ल्यांना नंबर आहेत, त्यामुळे इंग्रजी लेटरहेडवर त्यांची वेळ सारखी येते. या टिकेमुळे काही पत्त्यांत आकड्यामागची अक्षरं वर चढतात, काहींत नाही; कॉपी-पेस्ट केलेला पत्ता खाली, हाताने मारलेला वर. मराठीतल्या ‘८वी गल्ली’ला काही होत नाही.

इंटरनेट आणि ईमेल पत्त्यांची लिंक: छापायच्या कामाला बंद. काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये निळी अक्षरं फिकट करडी उमटतात आणि खाली अधोरेखा राहते ती वेगळीच. पीडीएफ व्हॉट्सॲपवर जाणार असेल तर चालू.

आपोआप यादी आणि आपोआप क्रमांक: दोन्ही बंद. यावर लोक माझ्याशी वाद घालतात. मी क्रमांकाच्या विरोधात नाही, उलट पुढे सगळे क्रमांक वर्डकडूनच घालून घेणार आहोत. पण ते आपण बटण दाबल्यावर यावेत. आपोआप चालू झालेल्या यादीत पुढचा परिच्छेद कुठे आत सरकेल, मध्ये साधी ओळ आली की क्रमांक परत एकपासून चालू होईल का, याचा नेम नसतो. सोसायटीच्या ठरावांत हे घडलं तर ठराव नंबर चुकतो.

रेघा (बॉर्डर लाइन्स): बंद. यावर खाली वेगळं लिहिलंय, कारण सगळ्यात जास्त फाइली या रेघेपायी माझ्याकडे येतात.

टेबल: राहू द्या. अधिकचं चिन्ह, काही आडव्या रेघा, परत अधिक असं करत जाऊन एंटर दाबला की टेबल तयार होतं. चुकून कुणी असं टाइप करत नाही, त्यामुळे त्रास नाही. उपयोगही फारसा नाही.

हेडिंग स्टाइल आपोआप लावणं: बंद. टॅब आणि बॅकस्पेसने इंडेंट ठरवणं: बंद. आणि तळाशी ‘डिफाइन स्टाइल्स बेस्ड ऑन युवर फॉरमॅटिंग’ असेल तर तीही बंद. तुम्ही हाताने केलेल्या सजावटीवरून वर्ड स्वतःच स्टाइल बनवायला लागतं.

आता ‘ऑटोकरेक्ट’ कप्प्याकडे या. वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करणं वगैरे इंग्रजीपुरतं ठीक आहे. खालच्या लांब यादीत सुरुवातीलाच सापडेल: कंसात इंग्रजी सी लिहिलं की ©, कंसात आर लिहिलं की ®, कंसात ई लिहिलं की €. करारनाम्यात पोटकलमं इंग्रजी अक्षरांनी पाडणारे वकील असतात. ए, बी नीट येतात आणि तिसऱ्या कलमाला कॉपीराइट लागतो, पाचव्याला युरो. या तीन ओळी एकेक निवडून ‘डिलीट’ करा.

ती रेघ जात का नाही

अर्जाच्या शेवटी सहीसाठी किंवा पावती फाडायच्या जागी लोक आडव्या रेघा मारतात आणि एंटर दाबतात. तीन किंवा जास्त जोडरेघा असल्या की वर्ड त्या पुसतं आणि डावीकडून उजवीकडे पानभर रेघ ओढतं. मग ती रेघ निवडता येत नाही, डिलीट होत नाही, आणि मजकूर वर-खाली केला की तीही सोबत फिरते. पेन ड्राइव्ह घेऊन आलेला एक पोरगा मला म्हणाला होता, “भावा, पान बदललं तरी रेघ मागं लागलीया.”

कारण ती रेघ अक्षर नाहीच. ती वरच्या परिच्छेदाची खालची किनार आहे, साडीला काठ असतो तशी. काठ ओढून निघत नाही.

काढायची अशी: रेघेच्या लगेच वरच्या ओळीत कर्सर ठेवा. होम पट्टीवर परिच्छेदाच्या गटात चौकटीचं बटण आहे, त्याच्या बाजूच्या बाणावर जाऊन ‘नो बॉर्डर’. गेली नाही तर रेघेच्या खालच्या ओळीत कर्सर ठेवून परत तेच, किंवा दोन्ही ओळी एकत्र निवडून. इतर चिन्हांच्याही अशाच रेघा होतात: अंडरस्कोअरची जाड, बरोबरच्या चिन्हाची दुहेरी, तारांकनाची ठिपक्यांची, हॅशची तिहेरी. सगळ्यांवर इलाज एकच.

आणि सहीची रेघ हवीच असेल तर? ‘अर्जदाराची सही’ लिहा. परिच्छेदाच्या खिडकीत खाली ‘टॅब्स’ बटण असतं. तिथे जागा लिहा, समजा १५ सेंटिमीटर, ‘लीडर’मध्ये ठिपक्यांचा किंवा रेघेचा प्रकार निवडा, ‘सेट’, ओके. आता ‘सही’नंतर एकदा टॅब दाबलं की ठिपके बरोबर १५ सेंटिमीटरपर्यंत जाऊन थांबतात. फॉण्ट बदला, नाव लांब करा, उजवा काठ हलत नाही. टिंबं मोजून मारण्याचे दिवस संपले.

जुना फॉण्ट असेल तर आधी हे

कोल्हापुरात अजून कितीतरी ठिकाणी जुन्या श्रीलिपी किंवा शिवाजी फॉण्टमधल्या फाइली फिरतात. या फाइलींत दिसतं मराठी, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं. मराठी हा नुसता पोशाख. वर्डला पोशाख दिसत नाही, आतली इंग्रजी अक्षरं दिसतात. मग ते वाक्याच्या सुरुवातीचं अक्षर कॅपिटल करतं, आणि या फॉण्टमध्ये कॅपिटल म्हणजे वेगळंच मराठी अक्षर किंवा अर्धं जोडाक्षर. अवतरणचिन्हं वळवली की तिथलं मराठी चिन्हही बदलतं. “मी बरोबर मारलं होतं, छापताना बदललं” ही तक्रार बहुतेक वेळा खरी असते.

अशा फाइलीवर काम करायचंच असेल तर ऑटोकरेक्टमधल्या कॅपिटलच्या सगळ्या टिका आणि स्मार्ट कोट्स काढून टाका. पण नवं काम युनिकोडमध्येच करा, म्हणजे मराठी अक्षर आतही मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत. देवनागरी युनिकोडमध्ये अगदी पहिल्या, १९९१ च्या आवृत्तीपासून आहे. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट (देवनागरीच्या प्रमाण मांडणीचा) कीबोर्ड आहे, फोनेटिकही (उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरं मारायचा) आहे. जुना मजकूर कन्व्हर्टरमधून काढला तर एकदा डोळ्यांखालून घाला. रफार आणि जोडाक्षरं तिथे घोटाळा करतात.

आता सांगून करून घ्यायचं: अहवालाचं उदाहरण

ऑगस्ट-सप्टेंबर हा आमच्याकडे अहवालांचा हंगाम. सहकारी संस्थांचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे पतसंस्था, दूध संस्था, विकास सोसायट्या, सगळ्यांचे सचिव एकाच महिन्यात दारात. मॅटर येतं ते निम्मं व्हॉट्सॲपवर, निम्मं गेल्या वर्षीच्या फाइलीतून आणि ताळेबंद एक्सेलमध्ये. चाळीसेक पानं. इथे स्टाइल वापरली तर एका दुपारी काम उरकतं, नाही वापरली तर तीन रात्री.

पहिली पायरी, मराठीची सोय. फाइल → ऑप्शन्स → लँग्वेजमध्ये मराठी भाषा जोडा आणि वर्ड बंद करून उघडा. कंट्रोल + डी दाबल्यावर येणाऱ्या फॉण्टच्या खिडकीत आता दोन भाग दिसतील, वर इंग्रजीसाठी आणि खाली ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’. देवनागरी या दुसऱ्या भागाखाली येते. ‘स्टाइलमध्ये साइज १४ केली तरी मराठी अक्षर ११ च राहतं’ याचं कारण हेच. तुम्ही वरच्या भागात १४ केलेलं असतं. ठळकपणाही दोन्हीकडे वेगवेगळा असतो. हे कळेपर्यंत मीही दोन-तीन वर्षं प्रत्येक शीर्षक हाताने मोठं करत होतो.

दुसरी पायरी, मॅटर धुऊन घेणं. व्हॉट्सॲपवरून किंवा जुन्या फाइलीतून चिकटवताना उजवं बटण दाबून ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ निवडा, म्हणजे दुसऱ्याची सजावट सोबत येत नाही. मग कंट्रोल + शिफ्ट + ८ दाबा. पानावर सगळ्या लपलेल्या खुणा दिसतात: स्पेसचे ठिपके, टॅबचे बाण, परिच्छेदाचं उलट्या पी सारखं चिन्ह. टाइपरायटरच्या सवयी इथे उघड्या पडतात. शीर्षक मध्ये आणायला चाळीस ठिपके, नवं पान करायला पंधरा एंटर. कंट्रोल + एच उघडा, ‘मोअर’, मग ‘स्पेशल’ बटणातून ‘पॅराग्राफ मार्क’ दोनदा निवडा. ‘रिप्लेस विथ’मध्ये एकदाच. ‘रिप्लेस ऑल’ दोन-तीनदा दाबा, मोकळे एंटर जातील. दोन स्पेसच्या जागी एक, तेही असंच. परिच्छेदांमधलं अंतर आता स्टाइल देणार आहे.

तिसरी पायरी, स्टाइल ठरवणं. चारच पुरतात: अहवालाच्या नावाला टायटल, मुख्य भागांना हेडिंग १, पोटभागांना हेडिंग २, बाकी मजकुराला नॉर्मल. होम पट्टीवर स्टाइलच्या नावावर उजवं बटण → मॉडिफाय → खाली फॉरमॅट → फॉण्ट. दोन्ही भागांत फॉण्ट आणि साइज भरा. मी शीर्षकाला मुक्ता आणि मजकुराला तिरो देवनागरी मराठी वापरतो. दोन्ही फुकट मिळतात, आणि दुसऱ्यात ल आणि श मराठी वळणाचे येतात. तिथेच फॉरमॅट → पॅराग्राफमध्ये आधीचं-नंतरचं अंतर ठरवा. हेडिंगना ‘कीप विथ नेक्स्ट’ चालू आहे का बघा. त्यामुळे ‘नफा-तोटा पत्रक’ हे शीर्षक पानाच्या तळाशी एकटं राहत नाही.

त्याच मॉडिफायच्या खिडकीत ‘ऑटोमॅटिकली अपडेट’ अशी एक टीक असते. तिच्यापासून लांब राहा. ती चालू असेल तर एका शीर्षकाला तुम्ही सहज लाल केलंत की त्या स्टाइलची सगळी शीर्षकं लाल होतात. माझ्याकडे एका संस्थेचे सचिव आले होते, त्यांनी कर्जदारांच्या यादीच्या शीर्षकाखाली रेघ मारली आणि अध्यक्षांच्या मनोगतापासून अंदाजपत्रकापर्यंत सगळ्यांना रेघ लागली. त्यांना वाटलं व्हायरस आहे.

चौथी पायरी, स्टाइल लावणं. शीर्षकाच्या ओळीत कर्सर ठेवून कंट्रोल + ऑल्ट + १ म्हणजे हेडिंग १, कंट्रोल + ऑल्ट + २ म्हणजे हेडिंग २. परत साधा मजकूर करायला कंट्रोल + शिफ्ट + एन. कुणी हाताने ठळक-तिरकं करून ठेवलं असेल तर ते निवडून कंट्रोल + स्पेसबार. परिच्छेदाचं अंतर बिघडवलं असेल तर कंट्रोल + क्यू. चाळीस पानांना पंधरा मिनिटं लागतात.

पाचवी, क्रमांक. हेडिंग १ मध्ये कर्सर ठेवा. होम → मल्टिलेव्हल लिस्ट → डिफाइन न्यू मल्टिलेव्हल लिस्ट → मोअर. डावीकडे १ ही पातळी निवडा, उजवीकडे ‘लिंक लेव्हल टू स्टाइल’मध्ये हेडिंग १. क्रमांकाच्या प्रकारात खाली गेलात की देवनागरी १, २, ३ सापडेल. दुसरी पातळी हेडिंग २ ला जोडा. त्याच यादीत अक्षरी आकड्यांचाही प्रकार दिसतो, तो मोहात पाडतो, पण तो हिंदी आहे: एक, दो, तीन. एका इतिवृत्तात मी ‘ठराव क्रमांक दो’ छापता छापता वाचलो.

आता मधला एखादा विषय सचिवांनी आयत्या वेळी काढला तरी पुढचे सगळे क्रमांक स्वतः सरकतात. ते काढणारच. सभेच्या आदल्या आठवड्यात विषय बदलला नाही अशी संस्था मी पाहिलेली नाही.

सहावी, पान क्रमांक आणि अनुक्रमणिका. इन्सर्ट → पेज नंबर, मग ‘फॉरमॅट पेज नंबर्स’मधून देवनागरी आकडे. मुखपृष्ठावर क्रमांक नको तर ‘डिफरंट फर्स्ट पेज’. मग रेफरन्सेस → टेबल ऑफ कन्टेन्ट्स. हेडिंग लावलेली असली की अनुक्रमणिका एका क्लिकवर येते आणि पान क्रमांकही देवनागरीतच येतात. पानं हलली की अनुक्रमणिकेवर क्लिक करून एफ-९, आणि विचारल्यावर ‘अपडेट एंटायर टेबल’. छपाईला देण्याआधीची शेवटची कळ हीच. शिवाजी विद्यापीठाचे प्रबंध करून घ्यायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी बाकी काही शिकवत नाही, एवढं मात्र बसवून शिकवतो. अनुक्रमणिका हाताने टाइप करून मार्गदर्शकांच्या प्रत्येक दुरुस्तीनंतर पानं मोजत बसणारी मुलं बघवत नाहीत.

ताळेबंदाच्या टेबलाला दोनच गोष्टी: पहिली ओळ निवडून लेआउट → रिपीट हेडर रोज, म्हणजे पुढच्या पानावर रकान्यांची नावं परत येतात, आणि आकडे उजवीकडे टेकवलेले.

सगळं झाल्यावर मजकूर पुसून फाइल ‘वर्ड टेम्पलेट’ म्हणून सेव्ह करा. पुढच्या वर्षी तिच्यावर डबल क्लिक केलं की कोरी फाइल उघडते, स्टाइल, क्रमांक, पानं सगळं जागच्या जागी. गेल्या वर्षीच्या अहवालावरच टाइप करायला घेतलं की कुठेतरी जुनी तारीख राहते, हे मी सांगायला नको.

लघुरूपं, आणि एक युक्ती

ऑटोकरेक्टची यादी आपल्या कामालाही जुंपता येते. ‘पसंम’ टाइप करून स्पेस दिली की ‘सहकारी पतसंस्था मर्यादित, कोल्हापूर’ यावं, ‘वसस’ दिलं की ‘वार्षिक सर्वसाधारण सभा’. ऑटोकरेक्ट कप्प्यात ‘रिप्लेस’मध्ये लघुरूप, ‘विथ’मध्ये पूर्ण रूप, ‘ॲड’. यादी भाषेप्रमाणे वेगळी असते, खिडकीच्या डोक्यावर भाषेचं नाव लिहिलेलं दिसतं. म्हणून खिडकी उघडण्याआधी कर्सर मराठी मजकुरात आणि कीबोर्ड मराठीवर ठेवा. लघुरूप असं निवडा की जो खरा शब्द नाही. ‘सभा’ला लघुरूप केलंत तर सभा शब्द कधीच लिहिता येणार नाही.

लांब मजकूर असेल, म्हणजे प्रतिज्ञापत्राचा शेवटचा सत्यापनाचा परिच्छेद, तर तो निवडून ऑल्ट + एफ-३, नाव द्या. पुढे नाव टाइप करून एफ-३ दाबलं की अख्खा परिच्छेद येतो. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतंय, सहा जिल्ह्यांचं काम इकडे आलंय. कोर्टाचे कागद करणाऱ्याला असले परिच्छेद रोज लागतात. गैरसोय एकच: आपोआप न येता, आपण मागितल्यावर येतात. मला ती सोयच वाटते.

वर्ड नसेल तर

लिबरऑफिसमध्ये टूल्स → ऑटोकरेक्ट ऑप्शन्स → ऑप्शन्स. तिथे प्रत्येक गोष्टीसमोर दोन चौकटी असतात, पहिली (M) तयार मजकुरावर चालवताना लागू होणारी, दुसरी (T) टाइप करताना. दुसरीतल्या टिका काढा. घाईत असाल तर टूल्स → ऑटोकरेक्टमधली ‘व्हाइल टायपिंग’ ही एकच टीक काढली की टाइप करतानाचं सगळं थांबतं. मराठीसाठी भाषेच्या सेटिंगमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करावं लागतं. स्टाइलचा कप्पा एफ-११. आणि हे फुकट आहे, चोरीच्या वर्डपेक्षा बरं.

गुगल डॉक्समध्ये टूल्स → प्रेफरन्सेस. ‘सब्स्टिट्यूशन्स’मध्ये ½ आणि © दोन्ही बसलेले असतात. टिका काढा.

जुन्या फाइली

सेटिंग बदललं तरी आधी झालेलं तसंच राहतं. ज्या फाइली तुम्ही पुन्हा पुन्हा वापरता, अर्जाचे नमुने, खरेदीखताचे मसुदे, त्या एकेक उघडा, कंट्रोल + एफ दाबा आणि ½, ¼, ¾, © ही चार चिन्हं शोधा. मी काकांचा अर्ज दुरुस्त करून दिला त्या रात्री दुकान बंद करून हेच करत बसलो. वाटणीपत्राच्या एका मसुद्यात ¼ सापडला, आणि तो मसुदा मी त्याआधी दोघांना दिलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्यावर पहिले दोन फोन तेच.